इर्जिकीची खाणावळ

पिंपरी,
१४ नोव्हेंबर १९५३

चि. आबाजी, तुला आणि सौ. इंद्रायणीला ज्योतीरामाचे आशीर्वाद.

तुझं दिवाळीचं पत्र मिळालं. भामा नदीच्या काठचं तीन एकर रान तू आमच्यासाठी हेरून ठेवलंस, मालकाशी बोलणंही केलंस. बहिणीसाठी भाऊ झटतो, पण मेहुण्यासाठी एवढं कोण करतं? तरी ते रान आता दुसऱ्या कुणाला घेऊ दे. जमिनीचे जे पैसे सरकारने दिले, त्यांतले निम्मे मी खर्चून बसलोय. रागावू नकोस, आधी ऐक.

आमचं ओढ्याकाठचं वावर औषधाच्या कारखान्यासाठी गेलं, ते तुला माहीतच आहे. तिथे आता पाया खणायचं काम चाललंय. दोन-अडीचशे माणूस आहे. कुणी लातूरकडचं, कुणी कोकणातलं, कुणी पार तेलंगणातलं. मी रोज सकाळी उठून तिकडे जातो. तुझी आक्का विचारते, "आता काय राखाया जाताय?" पण पायांना सवय आहे. एके दिवशी दुपारी गेलो, तर जिथे आमची ज्वारी उभी असायची तिथे चाळीसेक माणसं बसली होती आणि कालची वाळकी भाकरी पाण्यात बुडवून खात होती. काहींकडे तीही नव्हती. ती तोंड फिरवून बसली होती.

आबाजी, माझ्या बापाच्या वेळेपासून आमच्याकडे इर्जिक व्हायची. गावातली वीस-वीस आउतं यायची, दिवसभर फुकट नांगरून द्यायची आणि आम्ही त्यांना पोटभर जेवू घालायचो. कुणी किती नांगरलं हे कुणी विचारायचं नाही, कुणी किती खाल्लं हेही नाही. आता कागदावर ते वावर सरकारचं असेल. पण तिथे राबणारा माणूस माझ्या दारचा पाहुणा आहे, हे माझ्या डोक्यातून काही केल्या जात नाही.

तर रस्त्याच्या कडेला पत्र्याचं छप्पर घातलं. दोन चुली, पितळ्या, बसायला तरटं. ताटाला दर नाही. दाराशी एक टोपली ठेवलीय, तिच्यावर फडकं. जेवून उठणाऱ्याने फडक्याखाली ऐपतीप्रमाणे काय ते टाकावं. आणा टाकावा, चार कांदे टाकावेत, नसतील तर सरपण आणून द्यावं, तेही नसेल तर हात धुऊन जावं. मी टोपलीकडे पाठ करून बसतो. महिनाही झाला नाही, तोवर लोक तिला इर्जिकीची खाणावळ म्हणायला लागलेत.

तुझी आक्का छबू स्वयंपाकाला खंबीर आहे. तू चाकणच्या बाजारातून बटाट्याची दोन पोती आणि कांद्याचं एक धाडून दे. पैसे पाठवतो.

ज्योतीराम


चाकण,
२३ नोव्हेंबर १९५३

दाजी, आबाजीचा तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. डोकं ठेवलंय ते मानापोटी. उचलल्यावर मात्र दोन शब्द बोलणार आहे.

बटाटे-कांदे रंगरावाच्या ट्रकमधून धाडलेत. रंगराव आमच्या आळीतला, दर बुधवारी माल घेऊन पुण्याला जातो. काही लागलं तर त्याच्याकडे निरोप द्या. पैसे पाठवू नका. आक्काने भाऊबीजेला माझ्याकडून काही घेतलं नव्हतं, त्यात जिरवा.

आता शाळामास्तराचं ऐका. तुमच्या इर्जिकीला मीही आलोय, आक्काच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. सात भाकऱ्या खाल्ल्या होत्या, आक्का अजून चिडवते. पण दाजी, त्या वीस आउतवाल्यांची नावं तुम्हाला पाठ होती. आज गेनबाचे बैल तुमच्या रानात आले, की पुढच्या आठवड्यात तुमचे बैल गेनबाच्या रानात जायचे. कुणी काही विचारत नव्हतं ते खरं, पण ते सगळ्यांना सगळं ठाऊक होतं म्हणून. तुमच्या टोपलीवर फडकं आहे, तुम्ही तिच्याकडे पाठ करून बसता आणि समोर जेवणारा माणूस पाया भरून झाला की लातूरला नाहीतर रत्नागिरीला निघून जाणार. तो तुमचं वावर नांगरायला कधी येणार? आणि वावर तरी कुठे राहिलंय?

मी म्हणतो, ताटाला सहा आणे लावा. ज्याच्याकडे नसतील त्याला तसंच वाढा, तुमचा हात कुणी धरलाय? पण दर असू द्या. दर नसला की गरीब लाजतो आणि लबाड सोकावतो. शाळेची वर्गणी गोळा करून करून मी एवढं शिकलोय.

आक्काबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. खंबीर आहे म्हणजे काय? तिच्या मदतीला कोण आहे? इर्जिकीच्या दिवशी तुमच्या चुलीशी आठ बाया असायच्या आणि तो दिवस वर्षातून एकदा यायचा. भामेकाठचं रान आणखी महिनाभर थोपवून धरतो. तोवर विचार करा.

आबाजी


पिंपरी,
२० जानेवारी १९५४

चि. आबाजीस आशीर्वाद, आणि तुझ्या गणिताला रामराम.

मुद्दाम दोन महिने उत्तर दिलं नाही. म्हटलं, आधी चालवून दाखवावं आणि मग लिहावं. खाणावळ चालली आहे. चाळीसची साठ माणसं झाली. दादू म्हणून एक गवंडी आहे, तो रविवारी येऊन चुली लिंपून देतो. कोकणातला एक सुतार गावाहून येताना नारळ घेऊन येतो. निर्वासितांच्या छावणीतला एक सिंधी म्हातारा हातगाडीवर कापड विकतो. तो आठवड्यातून एकदा जेवतो आणि सबंध रुपया टाकून जातो. नाव विचारलं तर हात जोडतो. शकू म्हणून लातूरकडची एक बाई आहे, ती पाट्या टाकायच्या कामावर आहे. तिच्याकडे टाकायला काही नसतं, म्हणून ती सकाळी कामाला जायच्या आधी दोन घागरी पाणी भरून देते. आता सांग, यातला लबाड कोण?

आणखी एक नवल सांगतो. माणसं चाळीसची साठ झाली, पण पीठ पूर्वीइतकंच लागतं. मी छबूला विचारलं, तर म्हणाली, "अन्नपूर्णेचा हात हाय." मी पूर्वी असल्या गोष्टींना हसायचो. आता हसत नाही.

जमीन गेल्यावर मी कसा झालो होतो ते तू पाहिलं आहेस. आता पंगत बसली की मी मधून फिरतो, प्रत्येकाच्या गावाची चौकशी करतो, पाऊसपाणी विचारतो. जेवताना माणूस आपल्या रानाबद्दल बोलायला लागला की त्याचा चेहरा बदलतो. मला पुन्हा गाव मिळालंय, आबाजी.

छबू कामामुळे अंगाने सुटसुटीत झालीय. भाकरी थापताना पाटल्या कोपरापर्यंत जायला लागल्या, म्हणून काढून ट्रंकेत ठेवल्यात. मी म्हटलं, नवरीसारखी दिसायला लागलीस. तिच्या जेवणाचं विचारशील तर ती आपली नेहमीसारखी सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी बसते. तोवर मी टोपली उचलून ओट्यावर लवंडलेला असतो.

ज्योतीराम


चाकण,
६ फेब्रुवारी १९५४

दाजी, साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र इंद्रायणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दाजी हसतायत एवढं पुरे, तुम्ही त्यात नाक खुपसू नका. नाक खुपसणं हाच माझा पेशा असल्यामुळे तिचं ऐकता येत नाही.

अन्नपूर्णा पिंपरीला येते, चाकणला येत नाही, याचं मला वाईट वाटतं. पण तिला बाजूला ठेवून एक साधं उदाहरण सोडवू, चौथीच्या पोरांना घालतो तसं. चाळीस माणसांचं पीठ साठ माणसांना पुरत असेल, तर वीस माणसांच्या भाकरी रोज कुणीतरी खात नाही. कोण ते शोधा. तुम्ही पंगतीत गावाची चौकशी करता, तशी एकदा पानाकडेही नजर टाका.

भामेकाठचं रान परवा इथल्याच एका यशवंतरावांनी घेतलं. मी आता त्याबद्दल बोलणार नाही.

शाळेत तपासणी आहे, त्यामुळे इतक्यात निघता येत नाही. याच पाकिटात आक्काला वेगळी चिठ्ठी घातलीय. तिला वाचायला द्या, तुम्ही वाचू नका. लहानपणी शाळेतून येऊन मीच तिला अक्षरं गिरवायला शिकवलं होतं. तिने मला लिहिलेलं एकही पत्र माझ्याकडे नाही. या वेळी उत्तर हवं, असं तिला सांगा.

आबाजी


पिंपरी,
शिवरात्रीनंतरचा दिवस

चि. आबास आक्काचे अनेक आशीर्वाद. हात वळत नाही, अक्षर लावून घे.

तू चिठ्ठीत विचारलंस की वीस माणसांच्या भाकरी कोण खात नाही. तुझ्या दाजींना हे कळत नाही, पण तुला कळलं, म्हणून सांगते. पानावर चार भाकरी खाणारा माणूस दोनच खातो. मी तिसरी वाढाया गेले की हात आडवा करतो. टोपलीत काही टाकलं नाही म्हणून लाज वाटते त्यांना. शकू तर पाणी भरून देते तरी एकच खाते. म्हणून पीठ पुरतं.

दुसरं सांगते. संक्रांतीपासनं मुकादमाने सगळ्यांची मजुरी दोन आण्यांनी कमी केली. भिमाजी त्याचं नाव. म्हणतो तुमचं पोट तिकडं भरतंय, मग पैसा कशाला. हे शकूने मला पाणी ओतताना सांगितलं. म्हणजे आपण वाढतो ते त्या मुकादमाच्या घरी जातं. म्हणून टोपली हलकी येते. तुझ्या दाजींना वाटतं थंडीमुळं लोकांकडं पैसा नाही.

मी त्यांना सांगितलं नाही. जमीन गेली तेव्हा सहा महिने ते कुणाशी बोलले नव्हते. मी ताट ठेवायची आणि उचलायची. आता पंगतीत हसतात. ते पुन्हा बंद झालं तर मी एकटी घरात काय करू.

माझ्या जेवणाचं विचारतोस. कधी उरतं, कधी नाही. उरलं तर खाते. भूक म्हणशील तर ती आता लागतच नाही, त्यामुळं तरास नाही. हे दाजींना लिहायचं नाही, तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. लिहिलंस तर मी तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. इंद्रायणीला ओटीचा खण ठेवलाय.

छबू


चाकण,
२ एप्रिल १९५४

दाजी, नमस्कार.

आज थट्टा नाही. गेल्या शनिवारी इथल्या बाजारात तुमच्याकडे जेवलेला एक मजूर भेटला. तो काम सोडून गावी चालला होता. त्याने सांगितलं ते सांगतो. तिथला भिमाजी मुकादम संक्रांतीपासून मजुरीतले दोन आणे कापतो, आणि कारण विचारलं तर तुमच्या खाणावळीकडे बोट दाखवतो. खरंखोटं तुम्हीच जाऊन विचारा. पण खरं असेल तर तुम्ही मजुरांना जेवू घालत नाही, मुकादमाला जेवू घालता. तुमच्या जमिनीचे पैसे ज्वारीचं पीठ होऊन त्याच्या खिशात जातायत.

दराचा फळा लावा. पाठ करून बसू नका. आणि काहीही झालं तरी आक्काच्या हाताखाली एक बाई ठेवा. तिला बघायला मी सुट्टीत येणार होतो, पण मे महिनाभर आम्हाला खेडला शिक्षकांच्या वर्गाला बसवलंय.

दाजी, तुम्ही माझ्या आक्काला शेवटचं जेवताना कधी पाहिलंत? सहज विचारतो.

आबाजी


पिंपरी,
१९ मे १९५४

चि. आबाजीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मला तुझा राग आला होता. आठ दिवस ते खिशात ठेवून हिंडलो. मग भिमाजी मुकादमाकडे गेलो. तो आमच्या बांधावरच्या बाभळीखाली बाजेवर बसला होता. मी विचारलं, दोन आणे का कापता? तो चिडला नाही की लाजला नाही.

"ज्योतीरामभाऊ, माणूस मजुरी कशाला मागतो? पोटाला. पोट तुमी भरताय. मग मी कशाला भरू?"

मी म्हटलं, "आणि मी खाणावळ बंद केली तर? दोन आणे परत देशील?"

"आता कशाला? ह्या दरात बी राबत्यात, हे ठावं झालंय. तुमी बंद केली तर त्यांचं हाल हुतील. मजुरी काय वाढायची न्हाई."

आबाजी, मी उभ्या आयुष्यात कुणाचं वाईट केलं नव्हतं. हे मी त्या लोकांना वाढून वाढून केलं.

दुसऱ्या दिवशी दराचा फळा लावला. ताट सहा आणे. पहिल्या दुपारी अकरा माणसं आली. बाकीची तिकडे उन्हात बसली. दादू गवंडी रस्त्याने गेला, त्याने लांबूनच रामराम केला. आत आला असता तर मी त्याला तसंच वाढलं असतं, तुझ्या सांगण्याप्रमाणे. पण ज्याच्या खिशात सहा आणे नाहीत तो फळा वाचून आत येतच नाही. तू एवढा शहाणा, पण हे तुलाही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी नऊ आली. तिसऱ्या दिवशी पंगत बसली तेव्हा मी मागच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. चौथ्या दिवशी छबूने फळा उतरवला. मला म्हणाली, "तीन दिस तुमच्या पोटात अन्न न्हाई. आत जाऊन बसा, मी बघते." ती माझ्या पानाशी बसून राहिली, मी दोन भाकरी खाईपर्यंत उठली नाही.

आता सगळी पुन्हा येतात. टोपलीत रोज थोडं थोडं कमी येतं. जमिनीचे राहिलेले निम्मेही आता पिठात चाललेत. चालू ठेवलं तर मुकादमाचं भलं होतं, बंद केलं तर हे लोक उपाशी राहतात. तिसरी वाट तुला दिसत असेल तर सांग.

छबूच्या अंगात जरा तापाची कसर आहे, उन्हामुळे असेल. खोकलाही आहे. अडुळशाचा काढा देतोय. तिला जेवताना कधी पाहिलं असं तू विचारलंस. बायका काय पुरुषासमोर जेवतात का? काहीतरीच विचारतोस.

ज्योतीराम


खेड,
२६ मे १९५४

दाजी,

तिसरी वाट मला दिसत नाही. पण आक्काने घातलेली शपथ मी आज मोडतो. तिने माझं दार सोडलं तरी चालेल.

ती जेवत नाही. उरलं तर खाते आणि उरत नाही. निदान शिवरात्रीपासून हे चाललंय, बहुधा त्याच्याही आधीपासून. तिला भूकच लागत नाही, असं तिने मला स्वतःच्या हाताने लिहिलंय. त्याचा अर्थ मला तेव्हाच कळला होता आणि मी शपथ पाळत बसलो. मुकादमाचं मला कुणा मजुराने भेटून सांगितलं नव्हतं, तेही तिनेच कळवलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही हसायचं थांबाल याची तिला भीती वाटत होती.

पत्र मिळताच एक करा. तिच्या आधी कुणालाही वाढू नका. कोण काय म्हणेल ते म्हणू दे. आणि डॉक्टरला दाखवा, काढा पुरे.

आबाजी


पिंपरी,
८ जून १९५४

आबाजी,

तू सांगितलंस तसं केलं. पत्र आलं त्या दुपारी साठ माणसं बसली होती. मी छबूला हाताला धरून चुलीपासून उठवलं, पंगतीच्या मधोमध तरटावर बसवलं आणि पहिलं पान तिला वाढलं. हात धरला तेव्हा माझी बोटं तिच्या मनगटाभोवती फिरून एकमेकांवर आली. ती म्हणत होती, "आवो, मंडळी बसल्यात, काय करताय ह्ये?" मी सगळ्यांना सांगितलं की ही बाई सहा-सात महिने जेवलेली नाही, आज ती जेवल्यावर आपण जेवू.

मी बोललो ते चुकलं. मला वाटलं होतं, लोकांना कळलं म्हणजे ती जेवेल. कुणीही पानाला हात लावला नाही. साठ माणसं मांडीवर हात ठेवून खाली बघत बसली. छबूने अर्धी भाकरी खाल्ली आणि ती तिथेच उलटून पडली. मग शकू उठली, तिने छबूचं तोंड धुतलं. बाकीची एकेक करून निघून गेली. टोपलीत त्या दिवशी साडेअकरा रुपये निघाले. एवढे कधी आले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून कुणी आलं नाही. मी वावरात जाऊन हात जोडले. दादू म्हणाला, "पाटील, आमी कुणाचं खात हुतो ते आमाला ठावं नव्हतं." तो माझ्याकडे बघत नव्हता. मलाही ठाऊक नव्हतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी पाहिलं. छातीचा रोग आहे म्हणाले. अंगात काही उरलेलं नव्हतं, म्हणून तो धरला. सुया लिहून दिल्यात, आणि दूध, अंडी, थोडं थोडं अन्न दिवसातून सहा वेळा. मी एकदाही तिच्या पानाकडे बघितलं नाही, आबाजी. आमच्या घरात माझ्या आईला जेवताना मी पाहिलं नाही, आजीला पाहिलं नाही. पाहायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. खाणावळ कशावर चालते असं कोणी विचारलं असतं तर मी टोपली दाखवली असती. ती हिच्या अंगावर चालली होती.

बुधवारी रंगरावाच्या ट्रकने तिला चाकणला पाठवतोय. इंद्रायणीच्या हाताने तरी खाईल. मी येणार नाही. सुया आणि दूध तुझ्या पगारावर टाकायचं नाही. पत्रे आणि पितळ्या विकल्या, ते पैसे तिच्याबरोबर देतोय. सोमवारपासून मी भिमाजीकडे खणायच्या कामावर जातोय. आठवड्याला जमेल ते रंगरावाकडे देत जाईन.

ज्योतीराम


पिंपरी,
१८ जुलै १९५४

आबाजी, दोन बुधवार झाले, रंगराव नुसता मान हलवून जातो. पत्र का नाही? लांब लिहू नको. ती खाते का, एवढंच लिही.

ज्योतीराम


चाकण,
२८ जुलै १९५४

दाजी,

हे पत्र रंगराव हातोहात आणतोय. वाचून झालं की त्याच्याच ट्रकमध्ये बसा. मुकादमाला विचारत बसू नका.

तुम्ही एकच विचारलं होतं, त्याचं उत्तर देतो. आली तेव्हा ती खात नव्हती. आमचं सगळ्यांचं झाल्याशिवाय पानावर बसायची नाही, आणि बसली की चार घासांवर उठायची. इंद्रायणीने मग घरातली रीतच मोडली. आम्ही तिघं एकाच वेळी, एकमेकांसमोर जेवायला लागलो. आक्का आधी पदर पुढे ओढून बसायची, मग सोडला. तरी प्रत्येक घास आम्ही म्हणतो म्हणून घ्यायची. औषध घ्यावं तसं घ्यायची. मी तुम्हाला लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं.

आज सकाळी मी शाळेत निघालो होतो. ती अंथरुणावर उठून बसली होती आणि मला म्हणाली, "आबा, मला भूक लागलीया." दाजी, माझ्या आयुष्यात मी तिच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. मी दप्तर खाली ठेवलं. इंद्रायणीला एवढा आनंद झाला की तिच्या हातून पिठाचा डबा पडला. तिने चूल पेटवली. आक्का म्हणाली, "गरम दे, आणि वर मीठ-तेल घाल." इंद्रायणीने भाकरी तव्यावर टाकली. आक्का तिकडे बघत बसली होती. मी तिच्या पाठीशी उशी लावली.

भाकरी उलटायच्या आत ती गेली.

मी शाळेत कळवलंय. गावातली माणसं जमलीत. तुम्ही येईपर्यंत कुणी काही करणार नाही. या.

आबाजी